कावळ्यांची वैरीण

बदलापूरच्या शिरगावात विठाला कावळ्यांची वैरीण म्हणतात. तोंडावर नाही हं, तोंडावर म्हणायची कुणाची टाप आहे? पण पाठ वळली की सगळे म्हणतात, आणि खोटं कशाला बोला, त्यात चूक काही नाही. रोज संध्याकाळी बिल्डिंगच्या मागच्या पायरीवर विठा बसलेली असायची. पुढ्यात स्टीलचं ताट, ताटात भात, आमटी आणि तळलेला सुका बोंबील, हातात बांबूची काठी. समोरच्या कंपाऊंडच्या भिंतीवर कावळे ओळीनं बसलेले. कावळे विठाकडे बघायचे, विठा कावळ्यांकडे. एखाद्यानं नुसते पंख सैल केले तरी काठी फरशीवर आपटलीच म्हणून समजा.

"हाड्! मेल्या, तुझ्या बापाचं हाय काय?"

ते ताट तिच्या मुलाचं, सनीचं. सनी पुरात वाहून गेला असं सगळा गाव मानतो. विठा मानत नव्हती. तिचंही बरोबरच होतं म्हणा, कारण वाहून जाताना त्याला कुणी पाहिलं नव्हतं. पुराच्या सकाळी नदीकाठच्या गोठ्यातली म्हैस सोडायला तो गेला एवढंच लोकांनी पाहिलं. दुपारी म्हैस आपल्या पायांनी घरी आली. अंगभर चिखल, आणि गळ्यातलं दावं सोडलेलं, तुटलेलं नव्हे. म्हणजे गाठ सोडायला हात तिथं पोचले होते. त्या हातांचं पुढं काय झालं, ते म्हशीलाच ठाऊक. म्हैस त्या दिवसापासून नदीच्या बाजूला तोंड करून पाणी पीत नसे. शेवटी विकली तिला.

आपल्याकडे माणूस मेला की दहाव्याला भाताचा पिंड ठेवतात आणि कावळ्याची वाट बघतात. कावळा शिवला की गेलेला जीव सुटला. नाही शिवला तर त्याचं मन कुठंतरी अडकलंय. मग नातेवाईक हात जोडून एकेक कबुली देत बसतात, तुझ्या बायकोला बघू, तुझ्या पोरांना शिकवू, आता तरी शिव बाबा. ही रीत विठानं लहानपणापासून पाहिलेली. तिनं तिचा सरळ अर्थ लावला. सनीच्या ताटाला कावळा शिवला तर सनी मेला. नाही शिवला तर सनी जिवंत. मग काय, शिवू द्यायचाच नाही! देवाशी कज्जा मांडायचा तर असा मांडावा.

दिवेलागण झाली की ती ताट आत आणायची आणि त्यातलं स्वतः जेवायची. वेगळं जेवण वाढून घ्यायची नाही, तांदूळ मात्र रोज चौघांचेच शिजवायची. नवरा, आण्णा, एकदा म्हणाला, "अगं गार झालंय ते, ताजं घे." विठा म्हणाली, "पोराचं उष्टं हाय. टाकू काय?"

उष्टं म्हणाली ती. आण्णाच्या हातातला घास हातातच राहिला. त्यानं परत कधी विचारलं नाही.

पुराच्या आधीची विठा अशी नव्हती बरं का. बदलापूर स्टेशनबाहेर ती काकड्या, भेंड्या घेऊन बसायची, तेव्हा गिऱ्हाईक भाव करायला लागलं की त्याच्या सात पिढ्या हसून हसून खाली बसायच्या. "काकडी कडू निघाली तर परत आण, पण खाऊन आणू नको हां!" असली तिची तऱ्हा. भातलावणीला बायका तिच्या शेजारची ओळ मिळावी म्हणून भांडायच्या. पुरानंतर ते हसू गेलं, आणि ज्या जिभेनं ती हसवायची त्याच जिभेनं कावळ्यांना शिव्या घालायला लागली.

त्यांच्या घराच्या जमिनीवर बिल्डिंग आली तेव्हा तिनं बिल्डरला बजावलं, आमचं घर तळमजल्यालाच पाहिजे, आणि जुन्या चुलीच्या जागीच. बिल्डर म्हणाला, "मावशी, वर हवा चांगली, तिसऱ्यावर देतो." विठा म्हणाली, "वर गेलो तर पोराला घर कसं सापडंल?" बिल्डर हसला. मग त्यानं आण्णाकडे बघितलं आणि तळमजला दिला.

आणि त्या घरात नदीचा मासा शिजणं बंद झालं. आपलं माणूस ज्या पाण्यात हरवलं त्या पाण्यातलं खायचं नाही, ही रीत. पहिल्या पावसात शेजारीपाजारी नदीतून मळ्यात चढलेल्या माशांची टोपली भरून आणायचे. विठा दार लावून घ्यायची. बाजारातले सुके बोंबील चालायचे. ते समुद्राचे.

जाणत्यांनी पुष्कळ सांगितलं. पिठाचा पुतळा करू, त्याला अग्नी देऊ, दहावं-बारावं उरकू, पोराला गती तरी मिळेल. विठानं विळी हातात घेतली. "माझ्या पोराला पिठाचा कराल तर बघा!" झालं, विषय मिटला. पण मिटला म्हणजे संपला नव्हता. घरात लेक होती ना, तेजस्वी. अंबरनाथच्या एमआयडीसीत औषधांच्या पॅकिंगला जाणारी, समजूतदार, आणि आईच्या काठीपुढं कधी न बोललेली. तिला विरारचं स्थळ आलं. मुलगा धर्मेश, वायरमन. दोघांचं पटलं. आषाढातल्या एका रविवारी घर बघायला यायचं निमंत्रण आलं.

आण्णाच्या पुतण्यानं, जितेशनं, गाडी काढली. उल्हासनगरच्या सिंध्यांच्या कारखान्यांतून जीन्सचे गठ्ठे वाहणारी ईको ती. आतल्या कापडाच्या वासानं नाक चुरचुरायचं. विठा निघाली ती मांडीवर पिशवी घेऊन. पिशवीत ताट आणि डबा.

आण्णा म्हणाला, "विठे, आज एक दिवस राहू दे. पाहुण्यांत काय दिसंल ते?"

"त्याला काय ठाव आज पाहुणे हायेत? मी जिथं, तिथं त्याचं ताट."

तेजस्वी खिडकीतून बाहेर बघत राहिली. नव्या साडीची घडी तिनं दहादा सारखी केली असेल.

कल्याण गेलं, भिवंडी गेली. कामणच्या पुढं आण्णाचा फोन वाजला. आण्णाला कमी ऐकू येतं म्हणून स्पीकर चालूच असतो. धर्मेशचे काका होते.

"आण्णा, राग मानू नका. आज येऊ नका."

"का हो? निम्म्याच्या वर वाट आलो की."

"पोरगी सोन्यासारखी हाय, तिच्यात काय खोट नाय. पण आज सकाळी घरात विषय निघाला. तुमच्या घरात एक माणूस ना जिवंतात, ना मेलेल्यात. आमची म्हातारी म्हणते, असल्या घरची सोयरीक केली तर तो पोरीच्या मागं मागं इथं येईल. त्याचं काय ते करून घ्या, मग या. श्रावण लागायच्या आत कळवा, नायतर आमाला दुसरीकडं बघावं लागंल."

फोन बंद झाला.  जितेशनं गाडी कडेला घेतली. वायपर मागेपुढे होत राहिले.

"आये," तेजस्वी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "तू रोज त्याला वाढतेस. मी तुझ्यासमोर बसून जेवते, ते तुला दिसतं का गं कधी?"

  विठानं पिशवीचे बंद घट्ट धरले आणि लेकीच्या मानेकडे बघत राहिली. पोरीच्या मानेवर दोन पांढरे केस होते. हे कधी झाले?

घरी परत जायची कुणालाच हिंमत नव्हती. दुपारी निघताना अख्खी बिल्डिंग गाडीपर्यंत सोडायला आली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या मालिनीबाई, ज्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर कावळे घाण करतात म्हणून विठाशी त्यांचं वर्षभर भांडण, त्यांनीसुद्धा तेजस्वीच्या हातावर दही ठेवलं होतं. आता कुठल्या तोंडानं परतायचं?

जितेश म्हणाला, "काकी, एक काम करू. इथनं दर्या जवळ आहे. चल, थोडा हवा खा के आते है. लोक समजतील जेवून आलो."

 जितेशनं गाडी वळवली.

वसईच्या पुढं रस्ता अरुंद होत गेला. दोन्ही बाजूंनी वाड्या, बंगल्यांना कुलपं, पावसाळ्यात कोण येतंय तिकडं? झाडांवरून पाणी ठिबकत होतं. विठा बाहेर बघत होती. तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं आणि काय ते लक्षात येत नव्हतं. गाडी वाळूच्या तोंडाशी थांबली, दार उघडलं, तेव्हा उलगडलं.

"कावळे नायत," ती म्हणाली.

"असतील इथंतिथं," आण्णा म्हणाला.

पण नव्हते. झाडांवर नव्हते, तारांवर नव्हते, किनाऱ्यावरच्या कचऱ्यावरही नव्हते. इतकी वर्षं ज्यांच्या नजरेखाली बसली ते कुठंच नाहीत, तर विठाला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट तिच्या पाठीवर काटा आला. पहारेकरी आपण होतो, की ते होते?

ओहोटी होती. पाणी लांब गेलेलं, आभाळ आणि दर्या एकाच राखेच्या रंगाचे. बोंबील वाळत घालायच्या बांबूंच्या परांच्या रिकाम्या उभ्या होत्या. आडव्या काठ्यांवर मासळी नाही, नुसता वारा. पाण्याच्या रेषेशी काहीतरी पांढरं पडलं होतं. विठाला वाटलं, कुणाचा तरी सदरा आहे. मग सदऱ्यानं मान वळवली.

पक्षी होता. बदकापेक्षा मोठा, पांढराशुभ्र, पंखांच्या कडा काळ्या. चोच लांब आणि पिवळट. आणि चोचीच्या मुळाशी, डोळ्यांभोवती सगळं काळं, कुणी काजळाचा हात तोंडावरून फिरवावा तसं. त्या काळ्यात पिवळे डोळे. असा पक्षी त्यांच्यातल्या कुणी जन्मात पाहिला नव्हता. माणसं दिसली तरी तो हलला नाही. तो विठाकडे बघत होता. चौघं उभी होती, पण बघत होता विठाकडेच.

"मुखवटा घातलाय जसा," तेजस्वी पुटपुटली.

विठानं पाठ फिरवली. ताटाची वेळ निघून चालली होती. एका उलट्या होडीच्या आडोशाला ती वाळूत बसली, ताट काढलं, भात वाढला, वर आमटी घातली, कडेला बोंबील ठेवला. काठी आणली नव्हती. कावळेच नाहीत तर काठी कशाला?

"आये, तो जवळ आलाय," तेजस्वी म्हणाली.

खरंच आला होता. पाण्याची रेषा सोडून आता तो परांच्यांपाशी उभा होता.

"चालताना बघितलास?" विठानं विचारलं.

"नाय."

जितेशनंही पाहिलं नव्हतं, आण्णानंही नाही. सगळ्यांनी मुद्दाम टक लावून पाहिलं, तर पक्षी दगडासारखा उभा. वाऱ्यानं वाळू डोळ्यात गेली, सगळ्यांनी डोळे पुसले, आणि वर बघतात तर तो आणखी पुढं. ओल्या वाळूत त्याच्या पावलांचे ठसे मात्र होते. पाण्यापासून सरळ रेषेत, इकडे नाही की तिकडे नाही, होडीच्याच दिशेनं.

"चल काकी, निघू या," जितेश म्हणाला. त्याचा हिंदीचा तोरा कुठल्या कुठं गेला होता.

तेवढ्यात किनाऱ्यानं एक कोळीण आली, वाहून आलेली लाकडं गोळा करत. डोक्यावर भारा होता. माणसं बघून थांबली.

"भिऊ नका," ती म्हणाली. "दोन दिवस झालं, वादळानं आत टाकलाय त्याला. लांबच्या दर्यातला हाय. आमचे लोक आत जातात तवा कधीमधी दिसतो. जमिनीवर यायची जात नाय ती."

"खातो काय?" आण्णानं विचारलं.

"कुणाच्या हातचं कायच नाय. मी ताजी मासळी टाकली, तोंड नाय लावलं. शिजवलेलं तर शिवायचाच नाय. आता मरायचाच तो. तुमी कुठनं आलाव?"

"बदलापूर."

"म्हंजे आमच्याच पाण्याची माणसं की!" कोळीण हसली. "तुमची नदी हितंच येते. ती खाली खाडी हाय ना, तिच्यातनं. पूर आला का तुमच्याकडची झाडं, छपरं, सगळं हितं लागतं आमच्या दारात."

विठानं मान वर केली. "कंची नदी?"

"उल्हास. दुसरी कंची?"

विठा आण्णाकडे वळली. आण्णा वाळूकडे बघत होता.

"तुमाला ठाव व्हतं?"

आण्णानं मान डोलावली. "मी आणि जितेशचा बाप होडी करून हितवर आलो व्हतो. ह्याच वाळूत चाललो, रोज. नाय मिळाला."

"मला का नाय सांगितलंत?"

"कसं सांगू?" आण्णा म्हणाला. "तू नदीचा मासा टाकलास. दर्याचापण टाकला असतास. मग जगली असतीस कशावर?"

विठानं ताटातल्या बोंबलाकडे पाहिलं. इतकी वर्षं ती हेच शिजवत होती, याच पाण्यातलं. त्याचं उष्टं म्हणून स्वतः खात होती.  तिनं तोंडाला पदर लावला आणि तशीच बसून राहिली. नदी पुढं कुठं जाते हे तिनं कधी विचारलं नव्हतं. साधी गोष्ट, शाळेतल्या पोराला ठाऊक असते. पण विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि ते तिला नकोच होतं.

पदर खाली घेतला तेव्हा पक्षी ताटापाशी होता.

हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर. आता त्याचा वास येत होता, मिठाचा आणि ओल्या पिसांचा. तो ताटाकडे बघत होता. मग विठाकडे. मग परत ताटाकडे. शिवत नव्हता.

आणि इथं आण्णानं ते केलं जे आपल्याकडचा कुठलाही माणूस करील. तो उठला, चपला काढल्या, हात जोडले. दहाव्याला घाटावर उभे राहतात तसा उभा राहिला.

"सनी," तो म्हणाला, "तेजूचं लगीन चांगलं करू. काय कमी पडू देणार नाय."

पक्षी शिवला नाही.

जितेश घसा खाकरून पुढं आला. "भाई, काका-काकीला मी अंतर देणार नाही. शप्पथ."

पक्षी शिवला नाही.

तेजस्वीनं नव्या साडीसकट वाळूत गुडघे टेकले. "दादा, आयेवर मी चिडले आत्ता. नाय चिडणार. लगीन नाय झालं तरी चालंल मला. तू जेव."

पक्षी तसाच. वाऱ्यानं भातावर वाळू उडत होती. कोळणीनं भारा खाली ठेवला होता, आणि तिनंही नकळत हात जोडले होते.

विठाला तेव्हा कळलं, इथं काय मांडलंय ते. पिंड मांडलाय! तिच्या हातानं वाढलेल्या ताटाचा यांनी पिंड केला! ती ताडकन उठली.

"काय चालवलंय काय तुमी? माझ्या जिवंत पोराला... सरा तिकडं!"

तिनं ताटाला हात घातला. काठ बोटांत आला. एक हिसका की काम झालं, असे हजार कावळे तिनं परतवले होते. पण पक्षी मागं सरला नाही. कावळा सरतो, हा सरला नाही. एवढ्या जवळून तिला त्याची छाती दिसली. मांस राहिलंच नव्हतं, नुसतं हाड पुढं आलेलं. पंख मिटून धरायची ताकद नव्हती, ते वाळूत लोंबत होते. एक पाय उचलायचा, दुसऱ्यावर भार द्यायचा, परत तो उचलायचा, उन्हात कुणाच्या तरी दारात ताटकळत ठेवलेल्या माणसासारखा. पिवळा डोळा तिच्यावरून हलत नव्हता. त्यात राग नव्हता, मागणं नव्हतं. नुसती दमणूक होती.

विठानं शेतात मोडलेली माणसं पाहिली होती, पण इतका दमलेला जीव नव्हता पाहिला. आणि कुणी कानात सांगितल्यासारखं तिच्या मनात आलं, की हा यायला बघत नाहीये. हा जायला बघतोय.

"दमलास का रं?" ती म्हणाली.



"मी धरून ठेवलाय तुला," विठा म्हणाली. "मला वाटायचं मी राखण करते. मी दारात उभा केलाय तुला इतकी वर्षं. ना आत, ना बाहेर." तिची बोटं ताटावरून सुटली. "जा बाबा. आता नाय वाढणार. माझी वाट बघत थांबू नको, मी तुझी बघत बसणार नाय. जेव आणि जा."

पक्ष्यानं मान खाली घातली. चोचीच्या टोकानं तळलेला बोंबील उचलला, मान वर करून गिळला. भाताला तोंड लावलं नाही. मग वळला, आणि जशी पावलं आली होती तशाच रेषेत पाण्याकडे चालत गेला. या वेळी सगळ्यांनी त्याला चालताना पाहिलं. पहिल्या लाटेत उतरला, दुसरीवर बसला, आणि मग त्या लोंबत्या पंखांनी, ज्यांना मघाशी स्वतःचं ओझं पेलवत नव्हतं, त्यांनी पाण्याला घासत घासत उठला. लांबवर पांढरा ठिपका दिसला, मग तोही नाही.

कोळीण मागं सरली. "शिजवलेलं खाल्लं," ती म्हणाली. "त्यानं शिजवलेलं खाल्लं, बाय." तिनं भारा उचलला नाही. मागं न बघता झपाझप वाडीकडे निघून गेली.

 परतीला गाडीत तेजस्वीनं आईचा हात आपल्या हातात घेऊन ठेवला होता. हात बर्फासारखा होता. आण्णा मधूनमधून विठाकडे बघायचा. ती रडेल, ओरडेल, निदान काहीतरी बोलेल म्हणून. ती खिडकीबाहेर बघत होती. रस्त्यावर खाडीचा पूल आला तेव्हा तिनं डोळे मिटले नाहीत, एवढंच.

शिरगावला पोचली तेव्हा अंधार पडला होता. बायका गेटापाशी थांबल्याच होत्या. "काय, ठरलं का?" कुणीतरी विचारलं. विठा त्यांच्यामधून सरळ आत गेली. नेहमीसारखी तिनं चूल, म्हणजे गॅस पेटवला, तांदूळ धुवायला घेतले. डब्यातून तिनं रोजच्या सवयीनं चार माणसांचे तांदूळ काढले. मग थांबली. एक मूठ परत डब्यात टाकली.

आणि मग ती ओरडली.

तो आवाज ज्यांनी ऐकला ते अजून त्याबद्दल बोलताना आवाज खाली करतात. पुराच्या दिवशी न आलेला, त्यानंतर कधीच न आलेला, आत साठून साठून जड झालेला तो हंबरडा जिन्यातून वर चढत गेला. दारं उघडली. टीव्ही बंद झाले. बायका होत्या तशा धावल्या. सगळ्यांच्या पुढं मालिनीबाई, हाताला कणीक तशीच. विठा ओट्याखाली जमिनीवर बसली होती, कपाळ फरशीवर आपटत होती. आण्णा आणि तेजस्वी तिला दोन्हीकडून धरत होते, आणि तेही रडत होते.

मालिनीबाईंनी खाली बसून तिला कवेत घेतलं. "विठाताई, अहो काय झालं? कोण गेलं?"

विठानं त्यांच्या खांद्यावर डोकं टाकलं.

"सनी," ती म्हणाली. "माझा सनी गेला हो."